बंदूक, कला आणि 'सुरक्षित वाटणे'

मासुंदा (धागाकर्ती)

नमस्कार. ठाण्यात चरईत मी दर शनिवारी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. मागच्या महिन्यात मुलांना 'मला जिथे सुरक्षित वाटते ती जागा' असा विषय दिला होता. बहुतेकांनी घर काढले, दोन मुलींनी आजीची मांडी काढली आणि एकाने सोसायटीच्या फाटकाजवळची वॉचमनची केबिन काढली, तीही आतल्या टेबलपंख्यासकट. नऊ वर्षांच्या एका मुलाने मात्र पलंग काढला होता, पलंगावर उशी आणि उशीखालून अर्धे बाहेर आलेले पिस्तूल. ते दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल आहे, हे मला त्याच्या बाजूने लोंबणाऱ्या तांबड्या गुंडाळीवरून कळले. तिच्यावरची एकेक टिकली त्याने वेगळी रंगवली होती. "चोर आला तर या पिस्तुलाने काय होणार?" असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ते खोटे आहे हे चोराला कुठे माहीत आहे?"

त्या उत्तराने मी बरेच दिवस अस्वस्थ आहे आणि म्हणूनच हा धागा काढते आहे.

माझे वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर परवान्याची बारा बोअरची दुनळी घेऊन एका बँकेच्या शाखेत सुरक्षारक्षक होते. आम्ही चाळीत राहत होतो. रविवारी दुपारी ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बंदूक उघडत, गजाला फ्लॅनेलची चिंधी गुंडाळून नळ्या पुसत आणि मग खिडकीकडे धरून आत पाहत. एकदा त्यांनी मलाही पाहू दिले. नळीच्या आत उजेडाची एकात एक बसलेली वर्तुळे होती आणि टोकाला समोरच्या बिल्डिंगवरचे आकाश दिसत होते. इतकी सुंदर गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती, हे आज लिहितानाही मला जड जाते. शेजारच्या काकू म्हणत, "तुमच्याकडे बंदूक आहे, मग आम्हाला कसली भीती?" सगळी चाळ त्या बंदुकीच्या भरवशावर निवांत झोपत असे. माझी आई मात्र रात्री दोनदा उठून कपाटाची मूठ ओढून पाही, कारण घरात तीन मुले होती. काडतुसे वेगळ्या ट्रंकेत असत आणि तिची किल्ली आईच्या कमरेला असे. वस्तू एकच होती, पण तिच्यामुळे वीस घरांना झोप लागत होती आणि ज्या घरात ती होती तिथल्या बाईची झोप उडाली होती.

बंदुकीविषयीच्या ज्या कलाकृती मी पाहिल्या, वाचल्या किंवा विद्यार्थ्यांना दाखवल्या, त्यांतल्या फार थोड्या या गोष्टीपर्यंत पोहोचतात. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाबाहेर नळीला गाठ मारलेले रिव्हॉल्व्हर आहे, ते बहुतेकांनी छायाचित्रात पाहिलेले असते. स्वीडिश शिल्पकार कार्ल फ्रेड्रिक रॉयटर्सवार्ड यांनी 1980 मध्ये जॉन लेनन यांची हत्या झाल्यानंतर ते घडवले आणि 1988 मध्ये लक्झेंबर्गने ते संयुक्त राष्ट्रांना भेट दिले. त्याचा अर्थ पाहताक्षणी कळतो आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. ते शिल्प पाहून ज्याला बंदूक आधीच नको होती तो मान डोलावतो, आणि ज्याला ती हवी आहे त्याच्या मनातल्या भीतीला कोणी हातच लावत नाही.

निकी द सॅं फाल यांचे काम मला अधिक खरे वाटते. 1961 मध्ये त्यांनी रंगाच्या पिशव्या प्लास्टरखाली दडवून पांढरे फलक तयार केले आणि त्यांच्यावर .22 रायफलने गोळ्या झाडल्या. गोळी लागली की फलकातून रंग ओघळत असे. पाहायला आलेल्यांच्या हातीही त्या रायफल देत. आपल्याकडच्या जत्रेत फुग्यांवर छऱ्याची बंदूक चालवताना जो आनंद होतो, त्याचे पुढे काय होऊ शकते हे त्या लोकांच्याच बोटांना कळत असणार. शस्त्र चालवण्यात सुख असते, हे कबूल केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलताच येत नाही, असे माझे मत आहे.

ख्रिस बर्डन यांचे 1971 चे काम मला पुष्कळ वर्षे निव्वळ आततायी वाटत असे. कॅलिफोर्नियातल्या सॅंटा ॲना येथील एका कलादालनात त्यांनी मित्राकरवी सुमारे पंधरा फुटांवरून स्वतःच्या डाव्या दंडावर .22 रायफलची गोळी झाडून घेतली. गोळी केवळ चाटून जायची होती. प्रत्यक्षात ती दंडातून आरपार गेली. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा रोज दूरचित्रवाणीवर दिसत होते. आता मला त्यांच्या दंडापेक्षा खोलीत उभ्या असलेल्या माणसांचा विचार जास्त सतावतो, कारण सगळ्यांना आधीच माहीत होते आणि कोणीही थांबवले नाही.

आणि एक काम असे आहे की ज्याच्याविषयी वाचताना मला आईचे कपाट आठवले. मास डिझाइन ग्रुप ही वास्तुरचनाकारांची संस्था आणि कलाकार हॅंक विलिस थॉमस यांनी 2019 मध्ये शिकागोला चार काचेची घरे उभी केली. प्रत्येक घराला काचेच्या 700 विटा, कारण अमेरिकेत आठवड्याला सरासरी तेवढी माणसे बंदुकीने मरत होती. विटा पोकळ आहेत आणि त्यांत मृतांच्या घरच्यांनी दिलेल्या वस्तू ठेवल्या आहेत: लहान मुलाचे बूट, चष्मा, केसांची फीत. बंदूक कुठेच दिसत नाही. 2021 मध्ये त्या देशात 48,830 माणसे बंदुकीने मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणजे दाराबाहेरच्या चोरासाठी घरात आणलेली वस्तू बहुतेक वेळा घरातल्याच माणसावर चालली. माझी आई शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. तिने हे आकडे न वाचता ओळखले होते.

माझा प्रश्न असा आहे: माणसाला सुरक्षित 'वाटणे' आणि तो सुरक्षित 'असणे' यांच्यातले अंतर दाखवणारी कला आपल्या भागात, आपल्या भाषेत कशी दिसेल? अमेरिकेचा प्रश्न आहे तसा उचलून इथे आणावा, असे मला म्हणायचे नाही.

---

वाशी_सेक्टर_१९

मासुंदाताई, धागा आवडला, पण एका बाजूची नोंद अपुरी वाटली म्हणून लिहितो. मी घाऊक बाजारात व्यापार करतो आणि माझ्याकडे परवान्याचे .32 रिव्हॉल्व्हर आहे. अर्ज, पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आयुक्तालयातली मुलाखत हे सगळे रीतसर पार पाडून ते मिळाले. रोख रक्कम घेऊन रात्री घरी येताना एकदा माझ्यावर हल्ला झाला होता. त्याचा तपशील इथे देत नाही. त्यानंतर सहा महिने मी मागे चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चपलांचा आवाज मोजत असे.

तुम्ही उल्लेख केलेल्या कलाकृतींत बंदूक बाळगणारा माणूसच कुठे दिसत नाही. म्हणून मला इटालियन छायाचित्रकार गाब्रिएले गालिंबेर्ती यांची मालिका महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या शस्त्रधारकांना त्यांच्याच घरात, अंगणात, पोहण्याच्या तलावाकाठी उभे करून त्यांची सगळी शस्त्रे त्यांच्याभोवती रांगोळीसारखी मांडून त्यांनी छायाचित्रे घेतली आणि 2021 मध्ये त्या मालिकेला वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. ती माणसे कॅमेऱ्याकडे सरळ पाहतात. छायाचित्रकार त्यांना हसत नाही आणि पाठीशीही घालत नाही. मात्र पाहणाऱ्याला पडायचा तो प्रश्न पडतोच: इतकी शस्त्रे असूनही या माणसाला अजून एक का हवे असेल?

माझ्यापुरते सांगतो. निवडणूक आली की आम्हाला शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. मागच्या वेळी जमा केल्यावर पहिले आठ दिवस माझा हात आपोआप कमरेकडे जाई आणि रिकामा परत येई. मी जाण्यायेण्याचा रस्ता बदलला, रोकड नेणे बंद केले, हिशेब ऑनलाइन करायला लागलो. शस्त्र परत मिळाल्यावर या सवयी तशाच राहिल्या आणि खरे तर त्यांनीच माझा धोका कमी केला, हे मला मान्य आहे. तरीही मी परवान्याचे नूतनीकरण केले. याचे कारण मला नीट सांगता येत नाही आणि कोणी कलाकाराने ते दाखवले तर मी ते पाहायला जाईन.

---

खारफुटी

वाशीकर, तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून आभार. इतके सरळ लिहिणे सोपे नसते.

---

कलमबहाद्दर

मी ठाणे न्यायालयात वकिली करतो. या विषयात कायद्याची पार्श्वभूमी बाजूला ठेवली तर अमेरिकी कलेचा अर्थ आपल्याला अर्धाच लागतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती 1791 ची आहे. तिच्यातला शस्त्राचा हक्क नागरी पथकांचा की एकेका व्यक्तीचा, हा वाद दोन शतके चालला आणि 2008 मध्ये हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा मानला. 2022 मध्ये ब्रुएन खटल्यात तो हक्क घराबाहेरही लागू असल्याचे ठरले. म्हणून तिथला कलाकार बंदुकीविषयी बोलू लागला की तो एका मूलभूत हक्काशी बोलत असतो आणि समोरच्याला ते आपल्या नागरिकत्वावर बोट ठेवल्यासारखे लागते.

आपला इतिहास अगदी वेगळा आहे, पण कोरा नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि त्या कायद्याला गांधीजींनी ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांतले सर्वांत काळे कृत्य म्हटले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने असे लिहावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. शस्त्र हिरावून घेतलेल्या माणसाची अहिंसा ही त्याची स्वतःची निवड उरत नाही, असा माझा त्यावरचा अर्थ आहे. 1928 च्या नेहरू अहवालात आणि 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद होता. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारातून हवे ते शस्त्र बिनरोक घेता आले तर राज्याचा कारभार चालणार कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अखेर अनुच्छेद 19 मध्ये शस्त्राचा उल्लेख उरला तो शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्याच्या ओघात.

पुढे 1959 चा शस्त्र अधिनियम आला. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र प्रत्येकाला आहेच. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 त्यासाठी आहेत. म्हणजे आपल्याला जीव वाचवण्याचा हक्क आहे आणि त्यासाठीचे साधन मात्र परवानगीने मिळते. मासुंदाताईंच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आपल्याकडच्या कलाकाराने बंदूक रंगवण्याआधी परवान्याचे पुस्तक हाती घ्यावे. छायाचित्र, शिक्के, काडतुसांची नोंद, नूतनीकरणाच्या तारखा. एखाद्या घराण्यात तीन पिढ्यांची अशी पुस्तके जपलेली असतात. 'तुझी भीती खरी आहे' असे सरकारने लिहून दिलेला तो कागद असतो.

---

पारसिक

मी ऐरोलीत नोकरी करते आणि रात्रपाळीनंतर नेरूळला परतते. या चर्चेत बाईच्या सुरक्षिततेचा मुद्दा आतापर्यंत फक्त मासुंदाताईंच्या आईच्या रूपाने आला आहे, म्हणून एक भर घालते.

दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर, जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या शस्त्र कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .32 रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. वजन अर्धा किलो, किंमत सुमारे 1 लाख 22 हजार रुपये आणि वेष्टन म्हणजे दागिने ठेवतात तशी गर्द तांबडी पेटी. त्या पेटीचे छायाचित्र पाहिल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. ही पेटी म्हणजे नकळत घडलेली कलाकृतीच आहे, असे मला वाटते. जिच्या अंगावर हल्ला झाला ती मुलगी बसने घरी जायला निघाली होती; तिच्या नावाशी नाते सांगणारे शस्त्र जिच्या घरी लाखाचे दागिने आहेत तिला विकायला काढले गेले.

आमचे खरे शस्त्र दुसरेच आहे. लोकलच्या गर्दीत कोपराच्या टोकाशी धरलेली सेफ्टीपिन माझ्या आईने मला दिली आणि तिला तिच्या मोठ्या बहिणीने दिली होती. भुयारी मार्गातून जाताना घराची किल्ली दोन बोटांच्या मध्ये उभी धरायची, हे कोणी शिकवले ते आता आठवतही नाही. मला संधी मिळाली तर मी त्या तांबड्या पेटीत मखमलीवर एक गंजलेली सेफ्टीपिन ठेवीन आणि खाली काहीही लिहिणार नाही.

---

ओतारी

वागळे इस्टेटमध्ये माझा ओतकामाचा छोटा कारखाना आहे आणि शिल्पकारांची कामे आमच्याकडे येतात. मला या विषयात धातूच्या बाजूने बोलायचे आहे.

मेक्सिकोच्या पेद्रो रेयेस यांनी 2008 मध्ये कुलियाकान शहरात लोकांकडून 1,527 शस्त्रे जमा करून घेतली, ती वितळवून तेवढीच फावडी केली आणि त्या फावड्यांनी तेवढीच झाडे लावायची असा संकल्प केला. कल्पना थोर आहे. पण धातू वितळला की त्याला काहीही आठवत नाही, हे माझ्यासारख्याला रोज दिसते. मुशीत नळाची तोटी गेली काय, देवाची मूर्ती गेली काय आणि पिस्तूल गेले काय, वर येणारी मळी सारखीच असते. म्हणूनच त्या फावड्यांच्या दांड्यावर त्यांची कथा कोरून ठेवावी लागली. कोरली नसती तर ते साधे फावडे राहिले असते.

मोझांबिकचे क्रिस्टोव्हाओ कान्यावातो यांनी याच्या उलट केले. त्यांना केस्टर म्हणतात. तिथले यादवी युद्ध 1977 ते 1992 चालले. 1995 मध्ये बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने शस्त्रे द्या आणि शिलाई यंत्र, सायकल, शेतीची अवजारे न्या, अशी मोहीम सुरू झाली. त्यात निकामी केलेल्या शस्त्रांचे तुकडे जोडून केस्टर यांनी 2001 मध्ये सिंहासन केले. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात काही वितळवलेले नाही. दस्ता, मॅगझिन, नळी हे सगळे ओळखू येते आणि त्यातले एकही शस्त्र मोझांबिकमध्ये बनलेले नव्हते, हेही त्यामुळेच कळते. जोडकाम म्हणून मला ते फार आवडते. त्यावर बसावेसे मात्र वाटत नाही आणि ते तसेच असायला हवे.

तिसरे काम मला सर्वांत जवळचे आहे. कोलंबियात 2016 च्या शांतता करारानंतर बंडखोरांनी खाली ठेवलेल्या शस्त्रांचा सुमारे 37 टन धातू डोरिस साल्सेदो यांनी वितळवला आणि 2018 मध्ये बोगोता शहरात त्याची जमीन घातली. तिच्या फरशांचे साचे कसे झाले ते पाहा: युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना बोलावून त्यांच्या हाती हातोडे दिले आणि त्यांनी पत्रे ठोकून जे खळगे पाडले, ते साच्यात उतरले. धातू विसरला, पण साचा विसरला नाही. लोक आता त्या जमिनीवरून चालतात.

खंडेनवमीला माझ्या कारखान्यात हातोडे, चिमटे, घाव घालायची ऐरण, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू लागतो. आमच्या इमारतीचे रखवालदार निवृत्त जवान आहेत. एका वर्षी ते विचारून आपली दुनळी त्याच पाटावर ठेवून गेले. हातोड्याशेजारी ती ठेवलेली पाहून मी बराच वेळ तिथून हललो नाही. एकाने घडते आणि दुसरीने मोडते, असे म्हणायला मी तयार नाही, कारण हातोड्याने डोकी फुटलेली मी वर्तमानपत्रांत वाचली आहेत. पण हातोडा न वापरता नुसता जवळ ठेवून कोणाला निर्धास्त झोप लागल्याचे मी ऐकलेले नाही. बंदूक न चालवताच काम करते, आणि ते काम माणसाच्या मनावर चालते.

---

खारफुटी

ओतारी यांच्या प्रतिसादावरून तुकाराम ओंबळे यांची आठवण झाली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हाती केवळ लाठी असताना त्यांनी एके-47 ची नळी धरून ठेवली आणि ती सोडली नाही. त्या हल्ल्याचे सर्वांत जास्त पाहिले गेलेले छायाचित्र मात्र सीएसटी स्थानकात बंदूक घेऊन चालणाऱ्या हल्लेखोराचे आहे. मी तेव्हा रोज ठाण्याहून सीएसटीला जात असे, आणि फलाटावरून जाताना पुढे कित्येक महिने माझ्या डोळ्यांसमोर तीच बंदूक येई. नळी धरलेला तो हात मला डोळ्यांसमोर आणता येत नाही, कारण त्याचे चित्र नाही. मासुंदाताई, आपल्या भागातल्या चित्रकाराने काय काढावे असे विचाराल तर मी हा हात म्हणेन.

---

वाशी_सेक्टर_१९

पारसिकताई, तुमची पेटी पाहायला मी नक्की येईन. ओतारीसाहेब, 'बंदूक न चालवताच काम करते' हे वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या नूतनीकरणाचे कारण बहुधा तेच आहे. मासुंदाताई, एक विचारू का? वडिलांच्या दुनळीचे पुढे काय झाले?

---

मासुंदा (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. एकेका प्रतिसादाला उत्तर द्यायचे तर मोठा लेख होईल, म्हणून मला लागलेले दोनच मुद्दे लिहिते. कलमबहाद्दर, परवान्याच्या पुस्तकाची कल्पना मी उचलते आहे. वडिलांचे पुस्तक घरात आहे आणि त्यातल्या पहिल्या छायाचित्रापासून शेवटच्या छायाचित्रापर्यंत त्यांचे केस पांढरे होत गेलेले दिसतात. खारफुटी, तो हात काढायचा मी प्रयत्न केला. तीन कागद फाडले. नळीवर बोटे कशी आवळली असतील हे कळण्यासाठी शेवटी लाटणे धरून पाहिले. अजून जमलेले नाही.

वाशीकर, तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. नोकरी संपल्यावर वडिलांनी बंदूक अधिकृत विक्रेत्याकडे दिली, कागदपत्रे पुरी केली आणि परवाना रद्द करून घेतला. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा कमी जेवले. चाळ पाडली गेली, आम्ही इमारतीत आलो, वडील गेले. कपाट आईने सोडले नाही. आता त्यात तिच्या साड्या आणि दिवाणावरच्या जुन्या चादरी असतात. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. रात्री दोनच्या सुमाराला पावलांचा आवाज आला, कपाटाची मूठ एकदा खालीवर झाली आणि ती परत येऊन झोपली. सकाळी मी तिला काही विचारले नाही.

वर्गातल्या मुलांची चित्रे पुढच्या महिन्यात आमच्याच सभागृहात लावणार आहोत. पिस्तुलाचे चित्र लावायचे की नाही, असे एका पालकांनी विचारले आहे. मी त्या मुलालाच विचारले. त्याचे म्हणणे असे की ते वॉचमनकाकांच्या केबिनशेजारी लावावे, म्हणजे रात्री सभागृह बंद झाल्यावर त्याच्या चित्राची काळजी नको. मी ते तिथेच लावणार आहे.